दह्याशेजारची गांडुळं

आमच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी, श्रीखंडाच्या डब्यात गांडुळं राहतात. जिवंत. खाली ओली माती, वर केळीच्या पानाचा तुकडा, आणि हवा लागावी म्हणून झाकणाला दाभणानं पाडलेली भोकं. भाडं देत नाहीत, पण तशी स्वभावानं गरीब आहेत. आवाज नाही, भांडण नाही, आणि रात्री उठून फ्रिज उघडून उभी राहत नाहीत. आमच्या घरातल्या माणसांबद्दल एवढं चांगलं मला बोलता येणार नाही.

ती आमची नव्हेत, हे आधी सांगून टाकते. आमच्या सासूबाई माळकरी. अंड्याचं नाव काढलं तरी तोंड धुऊन येतात. गांडुळं आहेत शेजारच्या पोपटअण्णांची. पहिल्यांदा डबा घेऊन आले तेव्हा म्हणाले, "वैनी, माझ्याकडं फ्रीज न्हाई. एकट्या माणसाला फ्रीज कशाला? अन उन्हाळ्यात गांडूळ उबाऱ्यानं मरतं." मी नाही म्हणायच्या आत डबा आत गेला होता. सासूबाईंनी विचारलं, "काय रे पोपट, काय आहे त्यात?" तर म्हणाले, "माती हाय आज्जी. लई चांगली माती." सासूबाईंनी विश्वास ठेवला आणि एक दिवस त्यातली मूठभर तुळशीला घातली. तुळस अशी फोफावली की गल्लीतल्या बायका रोप मागायला आल्या. तेव्हापासून सासूबाई त्या डब्याला नमस्कारच करायच्या बाकी आहेत.

खरा प्रसंग झाला पाडव्याला. आमच्या नणंदेचे यजमान साखरेचे पेशंट. ताटात श्रीखंड वाढलं की सगळ्यांसमोर हात आडवा धरतात आणि दुपारी घर झोपलं की चमचा घेऊन स्वयंपाकघरात जातात, हे साऱ्या खानदानाला ठाऊक आहे. त्या दुपारी ते गेले. चमचाही घातला. मग जी किंकाळी आली ती ऐकून समोरच्या घरातलं कुत्रं खाटेखाली जाऊन बसलं. त्या दिवसापासून पाहुण्यांची साखर आटोक्यात आहे. डॉक्टर त्याचं श्रेय आपल्या गोळ्यांना देतात. देऊ देत बिचारे.

पोपटअण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. आता रिटायर. अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, आणि अंगात अजून तीच खाकी पँट. पँटच्या दोन्ही खिशांत गळाला बांधायची शिशाची वजनं असतात. त्यामुळे पँट सारखी खाली निघालेली असते आणि अण्णा एका हातानं ती वर धरून दुसऱ्या हातानं बोलतात. गल्लीत चालताना वळायचं असलं की उजवा हात बाहेर काढतात. मागून सायकलवाला आला तर हातानंच "जा पुढं" म्हणून खूण करतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा चाकणला कंपनीत आहे, रविवारी फोन करतो. फोनवर अण्णा त्याला फक्त दोन गोष्टी विचारतात. जेवलास का, आणि तिकडं गटारीच्या कडेला गांडुळं कशी हायेत.

त्यांचं एक पालुपद आहे. "जित्तं पायजे."

रविवारच्या बाजारात मेथीची जुडी उचलून ते भाजीवालीला विचारतात, "मावशे, जित्ती हाय का?" लग्नात अक्षता टाकताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैनी, नवरी जित्ती हाय, पण नवरदेवाचं काय खरं न्हाई." चौकात एका पुढाऱ्याचं भाषण झालं. सगळे टाळ्या वाजवत होते. अण्णा पँट वर ओढत मोठ्यांदा म्हणाले, "मेलेलं भाषण. गळाला लावलं तर मासा हुंगणार बी न्हाई." पुढारी आमच्या ह्यांच्या दुकानात विहिरीवरची जळालेली मोटार भरून घ्यायला येतात, म्हणून आम्ही त्या दिवशी अण्णांना ओळखत नव्हतो.

आता मासे धरणारी माणसं आमच्या भागात कमी नाहीत. धरणं आहेत, नद्या आहेत. कोणी जाळं टाकतो, कोणी काडीला दोरा बांधून बसतो. पण अण्णांची मासेमारी समुद्राची. लाट जिथं फुटते तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, दोन पुरुष उंचीच्या काठीनं गळ लाटेच्या पलीकडं भिरकवायचा, आणि मागं सरकत सरकत वाळूवर यायचं. गळाला आमिष जिवंतच हवं. ते तिकडं वळवळलं की मोठा मासा आपण होऊन येतो. सगळं खरं. फक्त जुन्नरपासून समुद्र पाच-सहा तासांवर आहे, एवढी एकच अडचण.

अण्णांना ती अडचण वाटत नाही. "समुद्र जवळच हाय वैनी. मधी डोंगर आलाय त्येला कोण काय करणार?"

म्हणून सराव जुन्नरात. सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून अण्णा काठी डोक्यामागून फिरवतात आणि शिसं सोडतात. ते जाऊन पडतं पार पिंपळापर्यंत. मधल्या वाटेत ते काय काय घेऊन जातं, ते विचारू नका. माझ्याकडं शिवायला आलेलं एक ब्लाऊजपीस असंच गेलं. पुढच्या आळीतल्या एका वकिलांचा लेंगा दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरून निघाला आणि संथपणे, नाडी हलवत, रस्त्यावरून अण्णांकडं आला. वकीलसाहेब गच्चीतून ओरडत होते. अण्णा शांतपणे गुंडाळत म्हणाले, "ओढ बरी हाय. पण जीव न्हाई."

डिंभ्याच्या धरणावर त्यांना सगळे ओळखतात. तिथं पाण्याला लाट कुठली? पण अण्णा गुडघाभर पाण्यात काठी उगारून थांबतात. शेजारचा मासेवाला एकदा म्हणाला, "टाका की अण्णा, कुणाची वाट बघताय?" अण्णा म्हणाले, "लाटंची. लाट फुटल्याबिगर गळ टाकायचा नसतो." त्यानं बराच वेळ विचार केला आणि शेवटी आपली म्हैस पाण्यात हाकलली. म्हैस धपकन बसली, लाट आली, अण्णांनी गळ टाकला. त्या दिवशी त्यांना चांगला मासा मिळाला. अर्धा त्यांनी म्हशीच्या मालकाला दिला. "लाट त्येची व्हती," म्हणाले.

हे वेड लागलं कुठून, तर धर्मा कंडक्टरमुळे. धर्माभाऊ अलिबागच्या पुढच्या एका किनाऱ्यावरच्या गावचे. दोघांची ड्यूटी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर. कोकणातली मुक्कामाची गाडी लागली की रात्री धर्माभाऊंच्या घरी जेवण आणि पहाटे भरती बघून दोघं वाळूवर. जन्मात आधी समुद्र न पाहिलेल्या आमच्या ड्रायव्हरच्या हातात धर्माभाऊंनी पहिला गळ दिला, कोलंबी जिवंत कशी टोचायची ते दाखवलं, आणि हा ड्रायव्हर जो बिघडला तो कायमचा.

आणि मग पैज लागली. दोघं रिटायर झाल्यावर धर्माभाऊ म्हणाले, ज्या पाण्यातला मासा त्याच पाण्यातलं आमिष लागतं. अण्णांना हा जुन्नरचा अपमान वाटला. ते म्हणाले, आमच्या डोंगरातलं जित्तं आमिष लावून मी तुझ्या समुद्रातला जिताडा मासा काढून दाखवतो. ठरलं असं की, अण्णा जिंकले तर धर्माभाऊंनी घराला कुलूप घालून जुन्नरला अण्णांकडं राहायला यायचं. आणि हरले तर अण्णांनी बंदरावर, मासळी विकणाऱ्या बायकांच्या समोर, मोठ्यांदा म्हणायचं, "कोकणच भारी."

हे वाक्य अण्णा आजवर इतक्या वेळा म्हणून आले आहेत की त्या बायका आता त्यांची वाटच बघतात. लांबून काठी दिसली की टोपल्या बाजूला सारतात. "आयला गं डायवर! बोल रं बाबा!" अण्णा पँट धरून बोलतात. बायका टाळ्या पिटतात. एक म्हातारी तर दर वेळी त्यांना दोन बोंबील बक्षीस देते.

मी एकदा विचारलं, "अण्णा, एवढी हौस आहे तर धर्माभाऊंना सरळ बोलावून का घेत नाही?"

"असं कसं? पैज हाय ना."

"पैज मोडा."

"इज्जतीचा सवाल हाय, वैनी. जुन्नर तालुक्याच्या इज्जतीचा." असं म्हणून त्यांनी पँट वर ओढली. मग दुसरीकडं बघत म्हणाले, "धर्म्याला काचबिंदू झालाय. आता माणूस आवाजावरनं वळखतो. बायको गेली. पोरी ममईला. धाकटी न्यायला बघती, पर ह्यो चौथ्या मजल्यावर जीव गुदमारतो म्हनतो. चुलीवर हात भाजून घेतला मागच्या टायमाला." आणि लगेच उठून, "आवंदा जिंकायलाच पायजे," असं म्हणत गांडुळांना माती बदलायला फ्रिजकडं गेले.

तालुक्याच्या इज्जतीवर माझा विश्वास त्या दिवशी उडाला. पण मी काही बोलले नाही. पुरुषमाणसाला त्याच्या मनातलं त्याच्याआधी आपण सांगितलं की तो चिडतो, हा मला घरचाच अनुभव आहे.

तर आमिषांचा इतिहास असा. आधी गांडुळं. ती खाऱ्या पाण्यात पडली की भिजल्या सुतळीसारखी सैल पडायची. धर्माभाऊ म्हणाले, "खारं पानी हाय, डायवर. ती नाय टिकनार." अण्णांना हा कोकणी माणसाचा ताठा वाटला. घरी येऊन मला म्हणाले, "मिठाचा काय संबंध? आपुन मिठावरच जगतो की. गांडूळच कच्च्या दिलाचं निघालं."

म्हणून मग खेकडे. खेकडे घाटमाथ्यावरच्या आहुप्याचेच पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. पाऊस उघडल्यावर आम्ही, म्हणजे मी, हे आणि अण्णा, आमच्या व्हॅननं आहुप्याला गेलो. अण्णा ओढ्याकाठचे दगड उलटत उलटत देवराईत शिरायला लागले, तशी भाताच्या बांधावरून एक आजी ओरडली, "ए पावणं! तिथला दगुड हलवू नगं. देवाचं हाय त्ये."

"एकच खेकडा घेतो, आजी."

"घे की. गळाला लाव. मग त्यो गळ कुनाच्या नरड्यात बसतोय त्ये देव बघंल."

अण्णा दोन्ही हात जोडून बाहेर आले. आता दोन्ही हात जोडले म्हणजे पँटचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखा. आजी तोंडाला पदर लावून हसली आणि तिनंच मग आपल्या खाचरातले खेकडे धरून दिले, नांग्या सुतानं बांधून.

येताना अण्णांनी आम्हाला कड्यावर नेलं. खाली कोकण पसरलेलं. धुक्यातून मधेच एखादी वाडी दिसायची. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "हिथनं गळ टाकला ना, तर जाईल धर्म्याच्या अंगणात." आमचे हे मोटारी भरणारे माणूस, सगळ्याचा हिशेब लावतात. ते म्हणाले, "नाही जायचा अण्णा, फार लांब आहे." मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

ते खेकडे अण्णांनी एस.टी.नं नेले, पिशवीत घालून, सीटखाली ठेवून. घाटात कुठंतरी सुतं सुटली. आधी एक बाई पाय वर घेऊन बसली. मग तिच्या शेजारचा. मग आख्खी गाडी मांडी घालून बसली, कीर्तनाला बसावी तशी. अण्णा सीटखाली रांगत, "भिऊ नका, जित्ते हायेत, जित्ते हायेत," असं सांगत होते. यानं लोकांना धीर येईल असं त्यांना का वाटलं, देव जाणे. त्यातनं उरलेला एक खेकडा त्यांनी समुद्रापर्यंत पोचवला आणि गळाला लावायच्या आधी जरा हवा लागावी म्हणून वाळूवर ठेवला. खेकड्यानं समोरची लाट बघितली, आणि तो आडवा होऊन जो पळाला तो गावाकडं. "माझ्यापेक्षा त्येला घरची ओढ जास्ती," अण्णा सांगत होते. बंदरावर जाऊन "कोकणच भारी" म्हणून आले.

यंदा दिवाळी झाल्यावर अण्णा आमच्याकडं आले ते उजळलेल्या तोंडानं. "वैनी, मुरी."

मुरी म्हणजे ओढ्यातला बोटाएवढा मासा. अंगानं बुळबुळीत आणि जिवाचा चिवट. "चिखलात टाका, जगती. तळं आटलं, जगती. मुरीला मरायचं म्हाईतच न्हाई. आवंदा धर्म्या आला म्हणून समजा. वरची खोली झाडून ठेवलीय."

आमच्या ह्यांनी दुकानात बसून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप करून दिला. दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये मुऱ्या, त्यात नळी, नळीतून बुडबुडे. व्हॅनमध्ये कॅन मधल्या सीटवर, त्याला माझ्या ओढणीनं बांधलेलं. मी मागं. अण्णा पुढं ह्यांच्या शेजारी बसून, "खालचा टाका... आता वरचा... हां, टेम्पो येतोय," असं सांगत गाडी चालवत होते. गाडी हे चालवत होते ही केवळ तांत्रिक बाब.

आणि दर थोड्या वेळानं पाणी बदलणं. बंद पाण्यात मासा गुदमरतो म्हणून. ओतूरला विहिरीचं पाणी घातलं. माळशेज घाटात झऱ्याचं घातलं, तेही आधी स्वतः पिऊन बघून. मुरबाडच्या पुढं एका हॉटेलात शिरलो. आम्हाला वाटलं आता चहा मिळेल. मालकानं विचारलं, "काय देऊ?" अण्णा म्हणाले, "बोअरचं पाणी हाय का? नळाचं नको, त्यात औषध टाकत्यात." मालकाला वाटलं माणूस फार पथ्याचा आहे. त्यानं बोअरचं पाणी ग्लासात आणून दिलं. अण्णांनी ते वाकून कॅनमध्ये ओतलं आणि म्हणाले, "आजून आणा."

अशा थाटात आम्ही दुपार कलताना किनाऱ्यावर पोचलो. मुऱ्या सगळ्या जिवंत. कॅनमध्ये नुसती सळसळ. सुरूच्या झाडाखाली उपड्या होडीवर एक बारीकसे, लुंगी-बनियनमधले गृहस्थ बसले होते. गाडीचं दार वाजलं तसे ते मान न वळवता म्हणाले, "दार येवढ्या जोरात लावलं म्हंजे डायवरच आयला."

अण्णा त्यांच्याजवळ गेले नाहीत. लांबूनच ओरडले, "धर्म्या! पिशवी भर! आज जिताडा काढतो!"

"काढ काढ. बाया बंदरावर बसल्यान."

वाळूवर काठी जोडली, तंगुसाचा दोरा ओवला, शिसं बांधलं.  कॅनचं झाकण काढून अण्णांनी आत बोट घातलं. "पाणी ऊन झालंय वैनी. जरा ताजं घालतो, म्हंजे तरतरीत हुतील." आणि समोर पाण्याला काय तोटा? ते लाटेत शिरले, बादली भरली, कॅनमधलं जुनं पाणी ओतून दिलं आणि ताजं, फेसाळ, गार पाणी काठोकाठ भरलं.

आम्ही तिघं तिथंच उभे होतो. तिघांची डोकी धडावर होती. ओढ्यावर गेलं की ओढ्याचं पाणी घालायचं, विहिरीवर गेलं की विहिरीचं, तसं समुद्रावर आलो तर समुद्राचं. डोंगरातल्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. त्यात चूक काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आधी मुऱ्यांनी एकदम उसळी घेतली. अण्णा खूश झाले. "बघा बघा, जीव आला!" मग एक उलटी झाली. मग दोन-तीन. मग एकेक पांढरं पोट वर यायला लागलं आणि पंपाचे बुडबुडे त्यांना उगाच इकडून तिकडं हलवत राहिले. ह्यांच्या तोंडून फक्त "अहो" एवढंच निघालं.

ज्या मुरीला मरायचं माहीत नव्हतं, तिला ते समुद्रानं बसल्या बसल्या शिकवलं.

अण्णा कॅनपाशी बसले. हातात घेऊन एकेक मुरी हलवून बघितली.  मला राहवेना. मी खाली वाकून हळूच म्हटलं, "अण्णा, लावा गळाला मेलेलीच. सांगा जिवंत होती म्हणून. नाहीतर बंदरावरून एखादा जिताडा विकत आणू. त्यांना कुठं दिसतंय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती असंही नाही. मग त्यांनी मान हलवली, काठी वाळूवर आडवी ठेवली आणि ते होडीकडं चालू लागले. मी आणि हे मागोमाग.

"टाकलास काय गल?" धर्माभाऊंनी विचारलं.

"न्हाई."

"का रं?"

"मेल्या. समद्या मेल्या. म्या समुद्राचं पाणी घातलं."

धर्माभाऊ असे हसले की होडी हलली. "समुद्राचं! आरं, मी तुला पैल्या सालापासून बोलतंय, खारं पानी हाय खारं पानी हाय..."

"बोलला व्हतास."

"मंग? जा आता बंदरावर. म्हातारीनं बोंबील काडून ठेवल्यान."

अण्णा जाईनात. खिशातली शिशाची वजनं काढून त्यांनी होडीवर ठेवली, एकेक करून. पँट आता धरावी लागत नव्हती, तर हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मला त्या माणसाची अशी माया आली की मी समुद्राकडं बघायला लागले.

"धर्म्या," अण्णा म्हणाले, "न्हाई म्हणायचं मला त्ये. पैज ऱ्हाऊ दे. तू चल माझ्या घरी."

"का? तू तर हरलास."

"हरलो. तरी चल." अण्णांचा आवाज खाली आला. "गाडी चालवताना मला कधी मागं बघावं लागलं न्हाई. तू हायेस म्हाईत असायचं. आता निस्ता घरात बसलो तरी सारखा मागं बघतो. कोण नसतं. तुला दिसत न्हाई म्हणून न्यायला आलो, असं समद्यास्नी सांगतो मी. खरं त्ये न्हाई. मला करमत न्हाई, राव. चल."

धर्माभाऊंचं हसू कधी गेलं ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला, हवेत जरा चाचपडला, आणि अण्णांची बाही सापडल्यावर ती घट्ट धरली.

"येवढं बोलाया किती गांडुलं मारलीस रं, डायवर?"

"लई," अण्णा म्हणाले.